न केलेला खर्च कोणाच्या नावे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाची संहिता)



अंदाजपत्रकात जे आकडे छापलेले असतात त्यांची चर्चा पुष्कळ होते. जे खर्च तेथे छापलेलेच नसतात त्यांची चर्चा क्वचितच होते. सरकारने एखादी रक्कम खर्च केली नाही म्हणजे समाजाची तेवढी रक्कम वाचली, हा समज अर्थमंत्र्यांपासून सामान्य मतदारापर्यंत सर्वत्र रुजलेला आहे. आजाराच्या बाबतीत हा हिशेब मुळातच खोटा ठरतो. आजार सरकारी मंजुरीची वाट पाहत थांबत नाही. सरकारने दवाखाना उघडला नाही तरी माणूस आजारी पडतोच, त्याची मजुरी बुडतेच, त्याच्या उशाशी कोणाला तरी बसावे लागतेच. खर्च टळत नाही. तो एका खतावणीतून निघून दुसऱ्या खतावणीत नावे पडतो. मनोविकारांच्या बाबतीत हे जितके सर्रास आणि जितके निमूटपणे घडते तितके अन्य कोणत्याही आजाराच्या बाबतीत घडत नसेल. म्हणून मानसिक आरोग्याच्या अर्थशास्त्राचा पहिला प्रश्न 'किती खर्च करावा' हा नसून 'आज होणारा खर्च कोण करीत आहे' हा आहे.

सरकारी वहीतील नोंद

प्रथम सरकारी वहीच पाहावी. २०२३-२४ च्या अंदाजपत्रकात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची तरतूद सुमारे ८९,१५५ कोटी रुपयांची होती. त्यात मानसिक आरोग्यासाठी म्हणून स्पष्टपणे दाखविलेली रक्कम ९१९ कोटी, म्हणजे शंभर रुपयांत सुमारे एक रुपया होती. ह्या ९१९ कोटींपैकी ७२१ कोटी बंगळूरच्या 'निम्हान्स' ह्या राष्ट्रीय संस्थेला, ६४ कोटी आसामातील तेजपूरच्या लोकप्रिय गोपीनाथ बोर्दोलोई संस्थेला आणि उरलेले १३४ कोटी 'टेली-मानस' ह्या दूरध्वनी-सेवेला मिळाले. दोन संस्थांनाच शंभरातील सुमारे पंच्याऐंशी रुपये गेले. ह्या संस्थांचे काम मोलाचे आहे, त्यांचा पैसा कमी करावा असे कोणीही म्हणणार नाही. जिल्हा पातळीवरील कार्यक्रमाचा पैसा राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या खात्यातून वेगळा येतो आणि मनोरुग्णालयांचा बोजा राज्ये उचलतात, हेही नमूद केले पाहिजे. महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथील चार प्रादेशिक मनोरुग्णालये राज्य सरकार चालविते. तरीही एकूण चित्र बदलत नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत आरोग्यावरील सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. मुळात तोकड्या असलेल्या ह्या पांघरुणाचा अगदी कडेचा धागा मनोरुग्णांच्या वाट्याला आलेला आहे.

आता गरजेची बाजू. निम्हान्सने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीनुसार प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार होता, आणि देशभरात सुमारे १५ कोटी लोकांना उपचारांची गरज होती. निरनिराळ्या विकारांच्या रुग्णांपैकी ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. ह्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आत्महत्यांच्या संख्येत जे राज्य देशात पहिले येते (२०२२ मध्ये देशातील १,७०,९२४ आत्महत्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातील होत्या), त्या राज्यातील मनोविकारांचे मोजमाप ह्या राष्ट्रीय पाहणीत झालेले नव्हते.

घराच्या वहीतील नोंद

उपचार न मिळालेल्या ७० ते ९२ टक्क्यांचे काय होते? आपल्या भाषेत ह्याला नेमका शब्द आहे: ते लोक दुखणे अंगावर काढतात. ह्या अंगावर काढण्याची किंमत रुपयांत मांडण्याचा प्रयत्न फारसा कोणी करीत नाही.

तालुक्याच्या गावापासून तीस किलोमीटरवर राहणाऱ्या एका शेतमजूर कुटुंबाची कल्पना करावी. विशीतला मुलगा हळूहळू बोलेनासा होतो, रात्रभर जागतो, कानांत कोणी बोलते म्हणतो. स्किझोफ्रेनिया बहुधा ह्याच वयात, म्हणजे कमावण्याच्या उंबरठ्यावर, सुरू होतो. पहिला खर्च देवऋषीकडे होतो, दुसरा गावातल्या डॉक्टरकडे, तिसरा जिल्ह्याच्या ठिकाणी. जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञाचा वार ठरलेला असतो. त्या दिवशी तो रजेवर असला तर खेप फुकट जाते. एका खेपेला दोघांचे एसटीचे भाडे, बाहेरचे खाणे, दोघांची बुडालेली मजुरी आणि वर औषधे. राष्ट्रीय पाहणीत असे आढळले की उपचार आणि प्रवास ह्यांवर कुटुंबांचा मध्यम खर्च दरमहा हजार ते दीड हजार रुपये होता. मुलगा जरा सावरला की पैशांअभावी गोळ्या थांबतात. गोळ्या थांबल्या की आजार उलटतो. मग शेळी विकली जाते, हातउसने घेतले जातात, सावकार येतो. आई कामावर जायचे सोडते, कारण त्याला एकटे ठेवता येत नाही. धाकट्या बहिणीची शाळा सुटते, कारण आईचे घरकाम तिच्या अंगावर येते.

ह्यापैकी एकही रक्कम अंदाजपत्रकात दिसत नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात तर आईची शुश्रूषा हे 'उत्पादन'च नाही. २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत असे दिसले की बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवितात आणि पुरुष ८८ मिनिटे; घरातील माणसांची देखभाल करणाऱ्यांत स्त्रियांची १३७ तर पुरुषांची ७५ मिनिटे जातात. मनोरुग्णाच्या देखभालीला सुट्टी नसते, ती वर्षानुवर्षे चालते. देशातील सर्वांत मोठे मनोरुग्णालय येरवड्यात नाही की बंगळूरला नाही. ते घराघरांतून पसरलेले आहे आणि त्यातील परिचारिका पगाराविना राबत आहेत. ह्या श्रमांवर सरकारची बचत उभी आहे.

गुंतवणुकीचा युक्तिवाद आणि त्याची मर्यादा

गेल्या वीस वर्षांत मानसिक आरोग्याच्या बाजूने एक नवा युक्तिवाद पुढे आला आहे. ब्रिटनमधील अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड लेयर्ड ह्यांनी २००६ मध्ये असे मांडले की नैराश्य व चिंताविकार ह्यांवरील मानसोपचार सर्वांना उपलब्ध करून दिले तर तो खर्च स्वतःच भरून निघेल, कारण बरे झालेले लोक कामावर परततील आणि आजारपणाचे भत्ते वाचतील. २००८ पासून इंग्लंडमध्ये त्याप्रमाणे सार्वजनिक मानसोपचारांचा मोठा कार्यक्रम सुरू झाला. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासाने ३६ देशांचा हिशेब मांडून असे दाखविले की नैराश्य व चिंताविकारांच्या उपचारांवर खर्च केलेल्या एका डॉलरमागे आरोग्य आणि कामाची क्षमता मिळून चार डॉलरचा लाभ होतो. भारताच्या २०२३-२४ च्या आर्थिक पाहणी अहवालानेही प्रथमच मानसिक आरोग्याची सविस्तर दखल घेतली, आणि तीही उत्पादकतेच्याच भाषेत.

हा युक्तिवाद टाकाऊ नाही. अर्थखात्याच्या दारात उभे राहताना त्याचा उपयोग होतो. परंतु त्याच्या दोन मर्यादा नीट ओळखल्या पाहिजेत.

पहिली मर्यादा न्यायाची आहे. माणसाचे मोल त्याच्या मजुरीवरून ठरवायचे म्हटले तर सत्तर वर्षांच्या विधवेचे नैराश्य, कामावर परतू न शकणाऱ्या जुनाट रुग्णाचे हाल किंवा घरातच राबणाऱ्या बाईची घुसमट ह्यांची किंमत शून्य येते. उपचार हा माणसाचा हक्क आहे. परतावा मिळतो म्हणून तो हक्क ठरत नाही आणि परतावा मिळाला नाही म्हणून तो रद्दही होत नाही.

दुसरी मर्यादा निव्वळ हिशेबाची आहे आणि ती आपल्या देशात अधिक महत्त्वाची आहे. लेयर्ड ह्यांचा युक्तिवाद ब्रिटिश तिजोरीला पटला, कारण तेथे आजाराचा आणि उपचाराचा असे दोन्ही खर्च एकाच तिजोरीतून जातात. आजारी माणसाला भत्ता सरकार देते. तो बरा झाला की सरकारचा भत्ता वाचतो. भारतात रोजंदारीवरचा मजूर नैराश्याने सहा महिने घरी बसला तर सरकारच्या तिजोरीतून एक पैसाही अधिक जात नाही. त्याला ना आजारपणाची रजा, ना भत्ता, ना विम्याची हमी. तो बरा झाल्याने जो लाभ व्हायचा तो त्याच्या घराला, त्याच्या मुलांना, त्याच्या मालकाला होईल. आरोग्य खात्याच्या जमेच्या बाजूला काहीच दिसणार नाही. प्रतिबंधाच्या बाबतीत तर ही तफावत आणखी वाढते. खर्च आजच्या सरकारचा, लाभ दहा वर्षांनंतरच्या; खर्च आरोग्य खात्याचा, बचत तुरुंग, पोलीस आणि शिक्षण खात्यांची. एका डॉलरला चार डॉलर मिळतात हे खरे असूनही तो एक डॉलर पुढे येत नाही, ह्याचे कारण अज्ञान नव्हे. ज्याने द्यायचा त्याला मिळत नाही आणि ज्याला मिळायचे त्याच्याजवळ द्यायला नाही.

बाजार ही दरी भरून काढील अशी आशा करणेही व्यर्थ आहे. देशात लाख लोकसंख्येमागे मनोविकारतज्ज्ञ पाऊणदेखील भरत नाहीत, आणि जे आहेत ते शहरांत, ऐपतदार रुग्णांच्या आसपास आहेत. २०१७ च्या कायद्याने आणि त्यानंतर २०१८ मध्ये विमा नियामकाने मनोविकारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने विमा देण्याचे बंधन घातले, हे स्वागतार्हच आहे. परंतु बहुतांश विमा रुग्णालयात दाखल होण्याचा असतो, आणि मनोविकारांचा बहुतांश उपचार बाह्यरुग्ण विभागात, महिनोन्महिने, थोडथोडका चालतो. ज्याच्याजवळ विमाच नाही त्याचा तर प्रश्नच मिटला.

चळवळीतील एक अर्धसत्य

येथे पुरोगामी चळवळीतील एका सवयीविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. 'शेतकऱ्याला समुपदेशन नको, शेतमालाला भाव हवा', 'व्यवस्था बदला, मने आपोआप बरी होतील', अशी वाक्ये सभांतून टाळ्या घेतात. त्यांत सत्य आहेच. दारिद्र्य आणि मनोविकार ह्यांचा संबंध पुराव्यांनी सिद्ध झालेला आहे. गौतम राव, विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये जगभरच्या पुराव्यांचा आढावा घेतला. त्यानुसार कोणत्याही समाजातील सर्वांत कमी उत्पन्नाच्या लोकांत नैराश्य व चिंताविकार सधनांच्या दीडपट ते तिप्पट आढळतात, आणि हे चक्र दोन्ही दिशांनी फिरते: उत्पन्न बुडाले की मन खचते, मन खचले की उत्पन्न बुडते. इंडोनेशियात गरीब कुटुंबांना रोख मदत देण्याची योजना आली तेव्हा जेथे ती लागू झाली तेथील आत्महत्या सुमारे १८ टक्क्यांनी घटल्या. २०२२ मध्ये भारतातील आत्महत्या करणाऱ्यांत चौघांमागे एकाहून अधिक जण रोजंदारीवरचे मजूर होते. शेतीक्षेत्रातील ११,२९० जणांत शेतमजुरांची संख्या शेतकऱ्यांहून मोठी होती. रोजगाराची हमी, किमान वेतन, पीककर्ज आणि रेशन हे मानसिक आरोग्याचेही कार्यक्रम आहेत, असे म्हणण्यास भरपूर आधार आहे.

परंतु हे अर्धेच सत्य होय. चक्र दोन्ही दिशांनी फिरत असेल तर ते दोन्ही ठिकाणी अडविता येते, आणि दोन्ही ठिकाणी अडवावे लागते. ज्या माणसाच्या मनात मरणाचा विचार आज रात्री घोळतो आहे त्याला पुढच्या हंगामातील हमीभाव वाचवू शकत नाही. स्किझोफ्रेनिया किंवा उन्माद-विषण्णता ह्यांसारखे आजार गरिबाला होतात तसे श्रीमंतालाही होतात, आणि कोणत्याही समाजव्यवस्थेत त्यांना औषधे लागतात. व्यवस्था बदलेपर्यंत रुग्णाने थांबावे, असे म्हणणारा कार्यकर्ता आणि तरतूद होईपर्यंत रुग्णाने थांबावे, असे म्हणणारा सचिव ह्यांच्या बोलण्यातील फरक रुग्णाच्या आईला कळणार नाही. दोघेही तिला दुखणे अंगावर काढायलाच सांगत आहेत. क्षयरोग दारिद्र्याचा रोग आहे म्हणून कोणी क्षयाची औषधे नाकारीत नाही. हाच न्याय मनोविकारांना लावला पाहिजे.

काय करता येते

उपचार महाग असतात, तज्ज्ञ नाहीत, मग खेड्यात काय करणार, ही सबब आता टिकत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातून मनोविकारांची सेवा देण्याची कल्पना ह्याच देशात वाढली. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आखला गेला. कर्नाटकातील बेल्लारी जिल्ह्यात निम्हान्सने १९८५ ते १९९० ह्या काळात साध्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना शिक्षण देऊन ती राबवून दाखविली. १९९६ मध्ये चार जिल्ह्यांपासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. आज तो कागदावर जवळजवळ सर्व जिल्ह्यांत आहे. तथापि भरल्या न जाणाऱ्या जागा आणि संपलेला औषधसाठा ह्यांमुळे कित्येक ठिकाणी कागद हाच कार्यक्रम होऊन बसतो.

गोव्यातील अनुभव अधिक बोलका आहे. 'संगाथ' ह्या संस्थेने तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना समुपदेशनाचे शिक्षण दिले. नैराश्याने गंभीररीत्या ग्रस्त असलेल्या रुग्णांना त्यांनी सहा ते आठ बैठकांत साधी, ठरीव पद्धतीची मदत केली. तीन महिन्यांनंतर ही मदत मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण आजारातून बाहेर आले होते. नेहमीच्या सेवेवर असलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. त्याआधीच्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ह्याच धर्तीच्या प्रयोगाचा आर्थिक हिशेब मांडला गेला तेव्हा असे दिसले की सरकारी केंद्रांत ही सेवा परवडणारी तर होतीच, शिवाय एकूण खर्च वाचविणारी होती. ह्या हिशेबात रुग्णाच्या घरचा खर्च आणि बुडालेला रोजगारही धरला होता. घराची वही सरकारी वहीशेजारी ठेवली की काय दिसते, ह्याचे हे प्रमाण होय.

विदर्भातील उदाहरण तर घरचेच आहे. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत 'विश्राम' हा कार्यक्रम राबविला गेला. गावातील कार्यकर्ते घरोघर जाऊन बोलू लागले, मनाच्या आजाराची लाज कमी झाली, गरजूंना समुपदेशक व डॉक्टर ह्यांच्यापर्यंत नेण्यात आले. आरंभी नैराश्यग्रस्तांपैकी केवळ ४.३ टक्के लोकांनी कोणाची मदत घेतली होती. दीड वर्षाने हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. ज्या जिल्ह्याचे नाव वर्तमानपत्रांत आत्महत्यांच्याच संदर्भात येते तेथे हे घडले, आणि हे करणारे लोक बाहेरून आणलेले तज्ज्ञ नव्हते.

मात्र येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. 'स्थानिक बाईंकडून स्वस्तात काम होते' हा ह्या प्रयोगांचा अर्थ काढला गेला तर खर्च पुन्हा एका स्त्रीच्याच अंगावर ढकलला जाईल. आईऐवजी 'आशा'च्या, एवढाच फरक. गर्भवतींची नोंद, लसीकरण, साथीच्या आजारांचे सर्वेक्षण ह्या सर्वांसाठी तुटपुंज्या मोबदल्यावर राबणाऱ्या महाराष्ट्रातील आशांना २०२३-२४ मध्ये पुनःपुन्हा संप करावा लागला, तो काही हौसेने नव्हे. मानसिक आरोग्याचे काम त्यांच्यावर सोपवायचे असेल तर त्यासाठी वेगळे वेतन, वेगळे प्रशिक्षण आणि पाठीशी उभा राहणारा तज्ज्ञ हवा. हे काम सेवा म्हणून घ्यायचे आणि दाम मात्र पुण्याईत चुकवायचे, ही रीत आरोग्य खात्याने सोडून दिली पाहिजे.

प्रतिबंध: स्वस्त, परिणामकारक आणि दुर्लक्षित

प्रतिबंध म्हटले की व्याख्याने, योगवर्ग आणि भिंतीवरची घोषवाक्ये डोळ्यांपुढे येतात. वस्तुतः प्रतिबंधाचे सर्वांत परिणामकारक उपाय कायद्याच्या एका ओळीत मावणारे असतात. श्रीलंकेचे उदाहरण पाहावे. १९९५ च्या सुमारास त्या देशातील आत्महत्यांचे प्रमाण जगात अत्यंत वरच्या स्थानी होते आणि विषप्राशनात शेतीची कीटकनाशके प्रमुख होती. सरकारने १९९५ पासून टप्प्याटप्प्याने सर्वाधिक विषारी कीटकनाशकांवर बंदी घातली. पुढील वीस वर्षांत आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आले. अंदाजे ९३,००० जीव वाचले. बंदीमुळे पिकांचे उत्पादन घटल्याचे दिसले नाही. मरणाची लाट मनात अनेकदा काही घटकांपुरतीच उसळते. त्या घटकेला हाताशी जालीम विष नसले तर माणूस बचावतो, आणि बचावलेल्यांपैकी बहुतेक पुन्हा त्या वाटेला जात नाहीत. खळ्याच्या कोपऱ्यात कोणता डबा ठेवलेला असावा, हा विषय केवळ कृषी खात्याचा राहत नाही.

दारूचेही तसेच. व्यसन हा स्वतः एक आजार आहे आणि घरातील इतरांच्या मनोविकारांचे मूळही आहे. १९८६ मध्ये पुण्यात 'मुक्तांगण' सुरू झाले तेव्हापासून व्यसनमुक्तीचे काम महाराष्ट्रात नेटाने चालू आहे. स्त्रियांनी मतदान करून गावागावांतील दारूच्या बाटल्या आडव्या केल्या आहेत. पण सरकारचे काय? जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दारूवरील शुल्क वाढविले, तेव्हा वर्षाला १४,००० कोटी रुपयांच्या जादा उत्पन्नाची अपेक्षा व्यक्त करण्यात आली. किंमत वाढली की पिणे काहीसे घटते, त्या दृष्टीने शुल्कवाढ योग्यच आहे. परंतु निर्णय घेताना बोलबाला उत्पन्नाचा होता, आरोग्याचा नव्हे. केवळ ह्या अपेक्षित वाढीच्या तुलनेत केंद्राची मानसिक आरोग्यावरील ९१९ कोटींची तरतूद पंधरा हिश्शांतील एका हिश्शाइतकी भरते. दारूच्या उत्पन्नातील ठरावीक वाटा तालुक्यातालुक्यांतील व्यसनमुक्ती आणि मानसिक आरोग्य सेवेसाठी कायद्याने राखून ठेवावा, ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही. ज्या धंद्यातून सरकार कमाई करते त्या धंद्याचे नुकसान बायकामुलांच्या खात्यावर टाकण्याचा त्याला अधिकार नाही.

खर्च योग्य खात्यावर आणणे

मग हा खर्च सरकारच्या वहीत आणायचा कसा? परताव्याच्या युक्तिवादाने तो येणार नाही, हे वर पाहिले. तो हक्काच्या मागणीनेच येईल, आणि त्यासाठी लागणारे हत्यार आज कायद्याच्या पुस्तकात पडून आहे.

ऑगस्ट २००१ मध्ये तामिळनाडूतील एरवाडी येथे साखळदंडांनी जखडलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून मेले. ज्या कुटुंबांना कोठेच सेवा मिळाली नव्हती त्यांनी ते तेथे ठेवलेले होते. त्या होरपळीनंतर सोळा वर्षांनी मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ झाला आणि २९ मे २०१८ पासून तो अमलात आला. त्याच्या १८ व्या कलमाने सरकारी खर्चाने चालणाऱ्या मानसिक आरोग्य सेवेचा हक्क प्रत्येक व्यक्तीला दिला आहे. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तींना उपचार विनामूल्य मिळाले पाहिजेत, आवश्यक औषधे सरकारी केंद्रांत मोफत असली पाहिजेत. ह्याहून महत्त्वाचे म्हणजे, किमान सेवा जिल्ह्यात उपलब्ध नसेल तर त्याच जिल्ह्यातील अन्य केंद्रात उपचार घेण्याचा अधिकार रुग्णाला आहे आणि तो खर्च सरकारने सोसायचा आहे. २९ व्या कलमाने प्रतिबंधाचे आणि आत्महत्या घटविण्याचे कार्यक्रम आखण्याची जबाबदारीही सरकारवर टाकली आहे.

ह्या तरतुदींचे आर्थिक मर्म नीट समजून घेतले पाहिजे. सेवा न देणे आजवर सरकारला फुकट पडत होते. हा कायदा त्या न देण्याला किंमत लावतो. तालुक्यात गोळ्या नाहीत आणि जिल्ह्यात तज्ज्ञ नाही, तर रुग्णाच्या खर्चाची जबाबदारी सरकारवर येऊन पडते. अशा मागण्या शेकड्यांनी नोंदविल्या गेल्या तर जागा भरणे आणि औषधे पुरविणे हाच स्वस्त मार्ग आहे, हे अर्थखात्याला कोणी शिकवावे लागणार नाही. परंतु मागणी नोंदविलीच गेली नाही तर कलम कागदावरच राहील.

आणि मागणी नोंदवायला रुग्णाची आई एकटी जाऊ शकत नाही. तिला दिवसाची मजुरी सोडता येत नाही, अर्ज लिहिता येत नाही, आणि 'लोक काय म्हणतील' ह्या भीतीने तोंडही उघडता येत नाही. येथे कार्यकर्त्याचे काम सुरू होते. आपल्या तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात मनोविकारांची कोणती औषधे आहेत व कोणती किती दिवस नाहीत, ह्याची नोंद त्याने ठेवावी. जिल्हा कार्यक्रमातील मंजूर व भरलेल्या जागा माहितीच्या अधिकाराखाली विचाराव्यात आणि ग्रामसभेत वाचून दाखवाव्यात. मनोविकारामुळे येणारे अपंगत्व २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मान्य झालेले आहे; त्याचे प्रमाणपत्र आणि संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज ह्यांसाठी रुग्णाच्या घरच्यांबरोबर कार्यालयाची पायरी चढावी. विडी कामगार, ऊसतोड मजूर, घरेलू कामगार ह्यांच्या संघटनांनी आपल्या मागणीपत्रकात रजा आणि वेतनाबरोबर मानसिक आरोग्य सेवेचे कलम घालावे. आणि जेथे घरातच कोणी हात जोडून 'आता जगावेसे वाटत नाही' म्हणत असेल, तेथे भाषण न करता शेजारी बसावे, ऐकून घ्यावे, आणि टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक लावून द्यावा.

ही कामे मोर्च्याइतकी दिसणारी नाहीत. वर्तमानपत्रांत त्यांची छायाचित्रे छापून येणार नाहीत. परंतु समाजवादाचा अर्थ एखाद्या ओझ्याची वाटणी न्यायाने करणे असा असेल, तर ज्या ओझ्याखाली एकेकटी घरे लाजेने मूकपणे मोडत आहेत ते उचलून सर्वांच्या खांद्यांवर ठेवणे, ह्याहून अधिक समाजवादी काम शोधायला फार दूर जावे लागणार नाही. तो खर्च आजही होतो आहे. तो ज्यांच्या नावे पडला आहे त्यांनी तो आजवर निमूटपणे फेडला; ह्यापुढे तो सरकारच्या नावे लिहून घेण्याचे काम चळवळीने अंगावर घ्यावे.